ओल्या शाईची सही

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही, आधीच सांगतो. गेल्या मार्चमधला मंगळवार. दुपारचे सव्वाचार. बाहेर लख्ख ऊन.

माझे थोरले साडू थिएटरात सिनेमा दाखवायच्या मशीनवर होते. एकच सिनेमा शंभरदा दाखवला की डोळा नायकावरून उडतो आणि कोपऱ्यातल्या माणसांवर बसतो. दार उघडणारा नोकर, तिसऱ्या रांगेत नाचणारी, कोर्टातला मुका शिपाई... अशांचे फोटो ते रद्दीतून शोधायचे, पत्ता काढायचे आणि घरी जाऊन सही घ्यायचे.

सही मिळाली की एकच रीत. बोट जिभेला लावायचं, सहीच्या शेपटीवर टेकवायचं. शाई फिसकटली तर सही खरी. नाहीतर छापील.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, लग्नाआधी एका सिनेमात नर्स झाली होती. हातात ट्रे, तोंडी शब्द नाही. साडूंनी तिला मशीनच्या खोलीतल्या भोकातून पडद्यावर दीडशे वेळा पाहिलं, मग मागणी घातली.

"जगाच्या सह्या गोळा करता, घरच्या नटीची नको?" ती डिवचायची.

"तुझी सही लेकीच्या प्रगतिपुस्तकावर आहे की!"

"ती आईची हो. नटीची कुठंय?"

साडूंनी चाळीस वर्षं हसण्यावारी नेलं.

मग ती अंथरुणाला खिळली. साडूंनी रद्दीची दुकानं पालथी घातली, तो नर्सचा फोटो मिळवला आणि दवाखान्यात नेला. तिच्या बोटांत पेन ठरेना.

"उद्या करते," ती म्हणाली. "फोटो जपा."

तो उद्या काही उजाडला नाही.

वर्षभर फोटो टेबलावर होता. शेजारी तिचं शाईचं पेन. कोरडं ठणठणीत.

त्या मंगळवारी साडू आत चहा टाकत होते. लेक कामावर. दाराला आतून कडी.

खालच्या गॅरेजमधली ठोकाठोक एकदम थांबली...

पंख्याची घरघरही ऐकू येईना...

मग आवाज आला.

खर्र... खर्र...

निबाचा.

साडू बाहेर आले. कुणी नाही. खुर्ची मात्र मागे सरकलेली. आणि फरशीवर... दोन निळे थेंब.

लिहिण्याआधी पेन झटकायची तिची खोड. त्यावरून साडूंची किती बोलणी खाल्ली होती तिनं!

फोटोवर सही होती.

तिचीच. खाली बारीक अक्षरात एक आख्खी ओळ.

साडूंचे डोळे भरून आले. ओळ काही वाचता येईना. आणि हात... हात कुठे ऐकतो? चाळीस वर्षांची सवय. बोट जिभेला लागलं आणि शेपटीवर टेकलं.

शाई अजून ओली होती.

शेपटी सर्रकन पसरली. साडू घाबरले, सदऱ्याच्या बाहीनं टिपायला गेले. कागद गुळगुळीत. एका फटक्यात सही गेली, ओळही गेली. उरला नुसता निळा पट्टा.

खाली गॅरेजमध्ये हातोडा पुन्हा वाजू लागला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा बाप बाही धरून रडत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"'गोळ्या वेळेवर घ्या' असं लिहिलं असेल हो, बाबा. आई दुसरं काय लिहिणार?"

साडूंना हसू आलं. मग ते म्हणाले, "नाही गं. चांगली लांब ओळ होती."

आता त्यांनी फोटो पुसून स्वच्छ केलाय. पेनचं टोपण काढून ठेवतात. दुपारी सव्वाचारला मी त्या घराकडे फिरकत नाही. एकदाच गेलो होतो. दार उघडंच होतं.

साडू रिकाम्या खुर्चीला सांगत होते, "तुझ्या गळ्याची शपथ, आता तपासणार नाही."

आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.