नऊ नंबरची शिडी

उद्या पहाटे तुम्ही दोघं पहिल्यांदाच धनुष्य घेऊन या पार्कात बसणार, म्हणून सांगून ठेवतो. शिकाऱ्यांच्या बिल्ल्यांचे नंबर एक ते दहा आहेत, पण बसायची झाडं नऊच. नऊ नंबर कोणालाही मिळत नाही. का, ते ऑर्विल टेटनं मला सांगितलंय. शेवटचं थोडं मी स्वतः पाहिलंय.

ऑर्विल माझा जुना दोस्त. चाळीस वर्षं पिट्सबर्गच्या आसपास लोकांची छपरं शाकारली. शिडी म्हणजे त्याला घरचा उंबरठा. निवृत्त झाल्यावर गेटजवळच्या खोपटात बसायचं काम घेतलं. काम सोपं. शिकारी येताना खुंटीवरचा आपला बिल्ला घेतात, जाताना परत लावतात. सूर्य बुडून अर्धा तास झाला की सगळे बाहेर, आणि गेटला कुलूप. हरणं बागा खातात, गाड्यांखाली येतात, म्हणून गावानं शिकारीला परवानगी दिली खरी, पण तिन्ही बाजूंना घरं. अंधारात कोणी आत राहता कामा नये.

दोन वर्षांपूर्वीचा चौदा नोव्हेंबर. गुरुवार. सूर्य पाच वाजून तीन मिनिटांनी बुडाला. पावणेसहापर्यंत सगळे बिल्ले आले. नवाची खुंटी तेवढी रिकामी.

नऊ म्हणजे मार्लीन कॉपको, शाळेची बस चालवते ती. ऑर्विलला ती येताना दिसली नव्हती, पण दुपारी तो कॉफी आणायला गेला होता. तेव्हा आली असेल.

त्यानं फोन लावला. उचलला नाही. मग त्यानं मला केला. "गस, मार्लीन अजून आतच आहे. झोपली असणार मचाणावर. घेऊन येतो तिला. तू येऊन गेटवर थांबतोस का जरा?"

"म्हातारी घोरते म्हणून हरणं पळतात, मी कधीचा सांगतोय," मी म्हटलं. "निघालोच."

बॅटरी घेऊन तो चालत गेला. सात-आठ मिनिटांची वाट. नवाचं झाड म्हणजे ओढ्याकाठचा जाडजूड ओक. त्याला लोखंडी शिडी टेकवलेली, बारा पायऱ्यांची, वर बसायची फळी. कुंपणापलीकडे घरांची मागची बाजू. स्वयंपाकघरांतले दिवे लागलेले.

फळीवर कोणीतरी बसलं होतं. खोडाला टेकून. पाय लोंबत होते.

"मार्लीन, चल गं. व्हर्नानं सूप केलंय, माझं थंड होतंय तिकडे." व्हर्ना म्हणजे त्याची बायको.



त्यानं बॅटरी वर केली. फांद्या मध्ये येत होत्या. पाय मात्र दिसले. फार बारीक वाटले त्याला. छातीत काही झालं असेल बाईच्या, असं मनात आलं, आणि तो भराभर वर चढला. बारा पायऱ्या.

फळी रिकामी.

हात ठेवला तर लाकूड गरम.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. मार्लीन.

"ऑर्विल, आत्ता पाहिला तुझा फोन. नातीला ताप आहे रे, मी आज घराबाहेरच पडले नाही. का?"

"...काही नाही."

"तू आहेस कुठे?"

"तुझ्या झाडावर."

"माझ्या झाडावर कशाला?"

त्यानं फोन ठेवला. मग बिल्ला नेला कोणी? आधी खाली जाऊ, मग बघू. उतरायला लागला. सवयीनं मोजत. छपरावर काम करणारा माणूस पायऱ्या मोजतोच. दहा. अकरा. बारा. पाय जमिनीवर टेकवायला खाली सोडला...

तिथे पायरी होती.

चुकलं असेल मोजताना. तेरा. चौदा. वीस. पायाखाली दर वेळी गोल, थंड लोखंड. तिसाव्या पायरीवर थांबून बॅटरी खाली मारली. पाचोळा दिसत होता. पहिल्याइतकाच लांब.

मग तो एक पायरी वर चढला. डोकं फळीवर आपटलं.

खाली तीस. वर एक.

हातांना घाम सुटला. चाळीस वर्षांत शिडीवर कधी सुटला नव्हता. त्यानं हाका मारल्या. समोरच्या घरात एक बाई भांडी घासत होती. मान वर करून तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्यानं बॅटरी हलवली. तिनं हात पुसले... आणि पडदा ओढला.

मग शिडी हलली.

खालून कोणीतरी चढत होतं. एक पायरी. थांबायचं. पुढची पायरी.

"गस?" त्याला हायसं वाटलं. "गस, तूच ना रे?"

एक पायरी.

फोन वाजला. मीच केला होता. "ऑर्विल, मी गेटवर उभा आहे. किती वेळ? गारठलो ना इथे."

फोनमधून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि त्यामागे... टक. मग काही नाही. मग टक.

"ऑर्विल?"

"तू गेटवर आहेस," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

बॅटरी खाली मारायची त्याची छाती झाली नाही. वास येत होता, ओल्या केसांचा. पोटरीला गरम श्वास लागला. खाली जाता येत नव्हतं. वर जागा नव्हती. त्यानं व्हर्नाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात सोडले.

जमीन वीतभर खाली होती.

तो नुसता उभा राहिला. पाचोळ्यात, दोन्ही पायांवर. आणि डोक्यावर, अंधारात, ते अजून चढतच होतं. टक... टक... मग फळी करकरली. कोणी नीट बसावं तशी.

त्यानं वर पाहिलं नाही.

तो गेटवर आला. मी त्याला घरी सोडला. व्हर्नानं सूप पुन्हा गरम केलं, त्यानं चमचा उचलला नाही. आजही तो शिडी चढत नाही. घरातला दिवा गेला तर व्हर्ना बदलते.

सकाळी उजेड झाल्यावर मी आणि मार्लीन शिडी काढायला गेलो. रात्री दव गोठून लोखंड पांढरं झालं होतं. मार्लीन पुढे होती. ती शिडीला हात लावणार तेवढ्यात थांबली.

बाराही पायऱ्यांवर चिखल होता, गोठलेला. प्रत्येक पायरीवर हरणाचा दोन बोटांचा खूर उमटलेला, वरच्या दिशेनं. शेवटचा फळीवर.

उतरतानाचा एकही नाही.