बटण, बटण, बटण

जगातली प्रत्येक थोर प्रेमकथा नजरानजरेने सुरू होते. ही एका ताऱ्याने झाली — पाचपैकी एका.

औषधांची आठवण करून देणारं ॲप त्याने एकट्याने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवलं होतं. कंपनी नव्हती, म्हणून ‘संपर्क’ खाली घरचाच पत्ता. त्यामुळे एक तारा देणारी अनुवादिका तिसऱ्या दिवशी थेट दारात. हातात पांढरी काठी, कपाळावर आठी.

तिला दिसत नव्हतं. फोन पडद्यावरचं बोलून दाखवायचा. तो तिने याच्या कानाशी धरला. बटण. बटण. बटण.

“यातलं एक ‘गोळी दिली’, एक ‘राहिली’. कुठलं कुठलं? परवा आईला रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा देणार होते मी.”

शरमेने आठवडाभर खपून त्याने प्रत्येक बटणाला नाव दिलं. जरा जास्तच दिलं. ‘हिरवंगार, गोलसर, आश्वासक बटण — गोळी दिली असल्यास अलगद स्पर्श करावा.’

मंगळवारी ती पुन्हा हजर, दुप्पट तापलेली. आश्वासक कशाला, आईचं तोंड उघडं आहे तोवर नाव वाचून संपायला नको का, असं तिने विचारलं. मग त्याला डोळे मिटायला लावून त्याचंच ॲप चालवायला दिलं. त्याने पाच मिनिटांत सगळी औषधं पुसून टाकली. ती हसली… आणि हसल्याबद्दल पुन्हा चिडली.

पुढे दर मंगळवारी ती भांडायला येऊ लागली. उशीर झाला की त्याची आई विचारायची, “ती रागावणारी आली नाही का रे अजून?”

तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून त्याने फक्त तिच्या फोनसाठी एक बटण बदललं — आणि ते चुकून सगळ्यांना पाठवलं. सकाळी सहाशे माणसांच्या फोनने ‘गोळी दिली’च्या जागी विचारलं, ‘माझ्याशी लग्न कराल?’ एका निवृत्त फौजदारांनी ‘घरी विचारून कळवतो’ असं लिहिलं.

दुपारी ती आली. एवढी चिडलेली कधीच नव्हती.

“सहाशे जणांना विचारलंत. मी कितवी?”

“पहिली… बाकीचे चुकून.”

चाचपडत तिने त्याची बाही शोधली आणि घट्ट धरली.

“हो म्हणायला आलेय, म्हणून तर एवढी चिडलेय.”

“म्हणजे—”

“म्हणजे हो. आता ते बटण आधी होतं तसं करा. आईची दुपारची गोळी खोळंबलीय.”