बावीस सेकंदांचा दम

कुडाळच्या किरणोपचार केंद्रात त्या सकाळी नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली : झोत सोडला नाही.

"आठव्या सेकंदाला खोकला," डॉ. केदार सामंत म्हणाले. "श्वास निदान वीस सेकंद धरायला हवा."

जाड भिंतीपलीकडे टेबलावर मिताली धुरी आडवी होती. वय तेवीस, जिल्ह्याच्या कबड्डी संघातली पहिल्या क्रमांकाची चढाईपटू. तिच्या छातीत, हृदयाला खेटून, लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची लिंबाएवढी गाठ होती. औषधांनी बरीच विरघळली होती. उरलेली हटून बसली होती.

भौतिकतज्ज्ञ हमीदा मुकादम दार उघडून आत गेल्या. त्यांना निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं. यंत्राखाली झोपणाऱ्याला आधी यंत्र समजलं पाहिजे, हा त्यांचा जुना हट्ट होता.

"मॅडम, मी श्वास धरते हो," मिताली म्हणाली, "पण ही गाठच खोकला काढते."

"ऐक गो. जुन्या यंत्रातले क्ष-किरण छातीतून आरपार जातात. वाटेत हृदय आलं तर त्यालाही इजा करतात. आपला प्रोटॉनांचा झोत ठरल्या खोलीवर थांबतो आणि बहुतेक ऊर्जा तिथेच ओततो. अडचण एकच. तू श्वास घेतेस तशी गाठ हलते. यंत्राने ती पाहून झोत वळवेपर्यंत पाव सेकंद जातो. तोवर गाठ पुढे!"

मितालीचे डोळे चमकले. "म्हणजे पकडीसारखंच की! चढाईवाली आहे तिथे हात टाकला तर ती निसटते. जाणार असते तिथे टाकायचा."

"अगदी तेच! म्हणून या यंत्राला अग्रवेधी म्हणतात. तुझ्या श्वासाची चाल ते आधी शिकतं; पण खोकल्याचा अंदाज त्याला बांधता येत नाही, म्हणून श्वास धरायला सांगतो. त्या चालीला आम्ही श्वासछबी म्हणतो. त्यावरून पाव सेकंदाने गाठ कुठे असेल ते ओळखतं. पहिल्या दिवशी काढलेल्या नकाशातली गाठीची कड तिथे दिसली तरच झोत सुटतो. नाही दिसली तर यंत्र गप्प."

"आणि गप्पच राहिलं तर?"

हमीदाबाईंनी लपवलं नाही. "तर जुनं यंत्र. आणि तुझं हृदय त्याच्या वाटेत."

त्या हृदयाच्या जोरावर मितालीला अजून खूप धावायचं होतं. "श्वास धरायचा नाही, एकसारखा सोडत न्यायचा, असं चालेल?"

"चालेल, पण कोणाला जमत नाही. हिसके बसतात."

"मॅडम, दहा वर्षांची असल्यापासून मी दुसरं केलंय काय?"

तिने छाती भरून घेतली आणि सुरू केलं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

"यंत्राखाली बोलायचं नसतं!" सामंत ध्वनिक्षेपकावरून ओरडले. मग त्यांची नजर पडद्यावर गेली आणि ते पुढे झुकले. श्वासाची रेषा कौलारू छपरासारखी सरळ उतरत होती. खोकला नाही, हिसका नाही. बावीस सेकंद!

"पंच, दम मोजलात ना?" आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी झोत सुटला. हमीदाबाईंनी बजावलं, "रोज हुबेहूब असाच हं. बावीस म्हणजे बावीस." मितालीने ऐकलं. टेबलासमोरच्या घड्याळावर डोळा ठेवून ती रोज बरोबर बावीस सेकंदांना थांबे. आठ दिवस झोत चुकला नाही.

नवव्या दिवशी पडद्यावर पुन्हा ती ओळ आली. दहाव्या दिवशीही तीच. अकराव्या दिवशी सकाळीही तीच ओळ आली तेव्हा सामंतांनी आत येऊन टेबलाजवळच्या खुर्चीत बसत फाईल मिटली.

"खंड पडला तर उरलेल्या पेशी डोकं वर काढतील. दुपारी जुन्या यंत्रावर घेऊ."

"सर, माझा दम तुटला नव्हता!" मिताली उठून बसली. तिचा आवाज चढला होता. "एकदाही नाही. उलट किती उरतो!"

हमीदाबाई वळल्या. "उरतो? कधीपासून?"

"चार-पाच दिवस झाले. तुम्हीच म्हणालात ना, हुबेहूब बावीस? म्हणून मी तोडते."

"अग पोरी!" हमीदाबाईंनी गळ्यातला चष्मा नाकावर चढवला. "घड्याळाकडे बघू नकोस. अंतिम सामना आहे असं समज. सोड सगळा दम."

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

सामंत मोजू लागले. बावीस. पंचवीस. तीसला ते खुर्चीतून उठले. पस्तीस. सदतीसला मिताली थांबली, हसतच.

"डॉक्टर," हमीदाबाई हळूच म्हणाल्या, "दोन आठवड्यांत फुप्फुसात एवढी जागा आली कुठून? कोणीतरी जागा सोडली असेल तरच!"

सामंतांनी तिला तडक छातीच्या नव्या स्कॅनला नेलं. तासाभराने तिघेही पडद्यासमोर उभे होते. लिंबाएवढी गाठ करवंदाएवढी झाली होती. दबलेलं फुप्फुस फुललं होतं आणि गाठीने सोडलेल्या जागेत हृदय सरकून बसलं होतं.

"म्हणजे यंत्र जुन्या नकाशातली कड शोधत होतं," सामंत म्हणाले. "ती कड उरलीच नव्हती." मग त्यांचा चेहरा उतरला. "आणि दुपारी मी जुन्या यंत्राने नेमका तिथेच मारा करणार होतो. जिथे आता हृदय आहे."

"यंत्राला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं," हमीदाबाई म्हणाल्या. "हिच्या दमाला माहीत होतं. मीच त्याला बावीसवर गप्प बसवलं. आजपासून हिने रोज आधी पूर्ण दम सोडायचा. तो वाढला की नवा नकाशा, नवी श्वासछबी."

दोनच दिवसांनी मिताली नव्या नकाशासह पुन्हा टेबलावर होती. दार मिटलं. "कबड्डी, कबड्डी..." झोत सुटला. विसाव्या सेकंदाला पडद्यावर अक्षरं आली : आजचा उपचार पूर्ण.

आतला आवाज मात्र थांबेना. तीस. चाळीस.

"झालं म्हणून सांगा तिला," सामंत म्हणाले.

"तुम्हीच सांगा," हमीदाबाईंनी ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे सरकवला.

सामंतांनी बटणावर बोट ठेवलं, आणि मग उचललं. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. ते मोठ्याने मोजू लागले.