मागाच्या खड्ड्यात लाल पाणी

"पुन्हा पाणी! विशू, लवकर ये गा!"

गोपिकाची हाक ऐकताच शेजारचा विश्वनाथ विटीदांडू टाकून धावला. मागोमाग त्याची धाकटी बहीण पंचफुला. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती थोडीच थांबणार!

गोपिकाच्या वडिलांच्या, म्हणजे बाबारावांच्या मागाचा खड्डा घोटाभर पाण्याने भरला होता. या खड्ड्यात पाय सोडून बसल्याशिवाय विणकराला लुगडं विणता येत नाही. आणि बाहेर नागपूरचा वैशाख! गांधीबाग वस्तीतल्या विहिरी तळाला गेलेल्या, मग इथे जमिनीतून पाणी कुठून?

"आज सरकारी ओव्हरसियरसाहेब घर पाहायले येऊन राहिले," गोपिका रडकुंडीला आली. "भिंत ओली दिसली का घर धोक्याचं ठरवतील. मग नानाजी आम्हाले बाहेर काढतील!"

घरमालक नानाजींना हे घर एका कापड व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायचं होतं. पण दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मनात आलं म्हणून भाडेकरूला काढायचं नाही, असा सरकारी हुकूम होता. घर पडायला आलं असेल, तर मात्र काढता येई. आणि नेमकी आताच भिंत पाझरायला लागली! काय योगायोग म्हणावा!

पंचफुलाने वाकून नाक फेंदारलं. "या पाण्याले वाळ्याचा वास येऊन राहिला वं!"

तिघंही चमकले. उन्हाळ्यात गारव्यासाठी दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायची ऐपत या गल्लीत कोणाची होती? भिंतीपलीकडच्या नानाजींची! त्यांचा गडी दुपारभर त्या ताट्यांवर पाणी मारत असे.

बाबारावांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. "वासाले कोण मानते, पोरी? अन् नानाजी आपल्याले अंगणात पाय ठेवू देत नाही."

"मग त्यांच्या पाण्याले रंगच देऊ ना! तोच रंग इकडे निघाला, तर मानावंच लागेल!" विश्वनाथ म्हणाला.

समोरच्या इंदुताई सूत रंगवत. त्यांच्या दारात निवालेल्या लाल रंगाची कढई होती. मुलांचं बोलणं ऐकून त्यांनी काही न विचारता लोटा भरून दिला. "पकडले गेले तर माझं नाव सांगा. घाबरू नका!"

नानाजींच्या मागच्या फाटकाखालून फक्त पंचफुलाच शिरू शकत होती. ती सरपटत आत गेली. गडी पाठ करून ताट्या भिजवत होता. ताट्यांखालची नाली पूर्वी रस्त्याकडे जायची. आता तिचं तोंड विटा आणि ओल्या चिखलाने बुजवलेलं! सगळं पाणी बाबारावांच्या भिंतीत शिरत होतं!

पंचफुलाने लोटा नालीत उपडा केला. खळ्ळ! तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. गडी वळला! ती पिंपामागे दडली. गडी पुन्हा ताट्यांकडे वळला, तशी ती बाहेर सटकली.

इकडे नानाजी ओव्हरसियर गणपतरावांना घेऊन आले, तर इंदुताईंनी जमवलेली सगळी गल्ली बाबारावांच्या ओट्यावर बसलेली!

"उठा इथून!" नानाजी ओरडले.

"साहेबांनी खुशाल आत जावं," इंदुताई म्हणाल्या. "पण बाबारावांचं सामान बाहेर निघणार नाही. अन् गोदाम झालंच, तर या गल्लीतला एकही माणूस कापडाची गाठ उचलणार नाही!"

आत गणपतरावांनी भिंतीला काठी टोचली. ढेकळं गळाली. "फार ओल आहे. हे घर राहण्याजोगं नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं.

गोपिका खड्ड्याकडे डोळे लावून बसली होती. पाणी अजून साधंच! रंग वाटेतच जिरला की काय? ती खड्ड्यावर आणखी वाकली. आणि तेवढ्यात भिंतीच्या बुडातून लाल धार सुटली!

"साहेब, थांबा! पाहा, लाल पाणी! नानाजींच्या नालीतून येऊन राहिलं!"

"माझ्या अंगणात कोणी यायचं नाही!" नानाजी गरजले.

"का बरं?" गणपतरावांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही बोलावलं म्हणून यांच्या घरात आलो. आता तुमच्या घरीही येतो."

बुजवलेली नाली पाहायला कितीसा वेळ लागतो! परत आले तेव्हा गणपतराव संतापाने लाल झाले होते. "नाली आजच मोकळी करा. भिंत तुमच्या खर्चाने बांधून द्या. आणि बाबाराव, हे घर सोडायचं काही कारण नाही!"

"पण माझ्या अंगणात घुसलं कोण?" नानाजी थयथयाट करू लागले. "दाखवा सगळ्यांचे हात! पोलिसात देतो एकेकाले!"

पंचफुलाने हात पाठीमागे लपवले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

इंदुताई शांतपणे उठल्या आणि त्यांनी समोर आपल्या दारातल्या कढईत दोन्ही हात बुडवले. त्यांच्यामागून गोपिकाची आई जिजाबाई, मग विश्वनाथ, मग गल्लीतले सगळे एकेक करून. शेवटी बाबाराव. बघता बघता नानाजींसमोर लालभडक हातांची भिंत उभी राहिली.

"घ्या, पाहा हात!" इंदुताई म्हणाल्या. "कोणाकोणाले नेता?"

गणपतरावांना हसू आवरेना. "नानाजी, एवढी माणसं मावतील अशी कोठडी नागपुरात नाही हो!"

नानाजी पाय आपटत निघून गेले. बाबाराव मुलांपाशी आले.

"शाबास गा पोट्टेहो," ते कसेबसे म्हणाले. "माह्या मागाची जागा वाचवली तुम्ही." आणि त्यांनी आपला ओला, लाल हात पंचफुलाच्या डोक्यावर ठेवला.

"काका, माहे केस लाल होतील ना!" पंचफुला ओरडली. पण तिने डोकं जरासुद्धा बाजूला केलं नाही.