बोआदूच्या पेटीत ठेवलेला लॅपटॉप

धाकट्या लेकाचं, ओचेरेचं वागणं आफ्राकोमाला बघवत नव्हतं. तिनं कंद कुटून केलेलं फुफू ताटात निवायचं, आणि हा घोडा त्या पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरपुढे उसासे टाकत बसायचा.

पटो न पटो, हे घडलेलं आहे. कुमासी शहरात, बांतामा वस्तीत. थोरल्या बोआदूला पुरल्याच्या पुढच्या शनिवारी, भर दुपारी.

दोघा भावांचं मयताची पोस्टरं छापायचं दुकान. मेलेल्याच्या पेटीत वाटेसाठी कापड, अत्तर ठेवायची रीत. ओचेरेनं बोआदूचा लॅपटॉप ठेवला.

"आई, ही पडद्यावरची ब्रीफकेस बघ. नव्या मशीनमध्ये हा फोल्डरच नाही. इथली फाइल आणि दादाच्या लॅपटॉपमधली फाइल, दोन्ही सारख्या करायची. काय दिवस होते!"

"भाऊ गेला, आणि तू फोल्डरसाठी रडतोस? थू!"

तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबला. शेजारची गिरण थांबली.

कॉम्प्युटर... थांबला नाही.

ब्रीफकेस आपोआप उघडली. आत दोघा भावांचा फोटो.

"दादाकडून नवी प्रत आली," ओचेरे हसला.

आफ्राकोमाला वाचता येत नव्हतं. डोळे होते.

फोटोतला बोआदू फुगला होता. ओठ काळे. नाकपुडीत काहीतरी पांढरं... वळवळत होतं.

सडक्या माशाचा भपकारा आला.

"बंद कर ते!"

"थांब गं. जुळवून घेतो."

त्यानं बटण दाबलं.

फोटोतल्या ओचेरेच्या गालावर... निळसर डाग उमटला.

तिनं पोराकडे पाहिलं. तोच गाल. तोच डाग.

त्यावर माशी बसली. त्यानं हाकलली नाही.

तिनं हाकलायला हात लावला. बोट गालात... रुतलं. पिकल्या पपईत रुतावं तसं.

आफ्राकोमानं फुफूचं मुसळ उचललं आणि खोक्यात घातलं. एकदा नाही, फुटेपर्यंत.

आतून तारा निघाल्या नाहीत. ओली लाल माती निघाली. अळ्यांसकट.

डाग अजून आहे. साबणानं जात नाही. काल ओचेरे विचारत होता, "आई, जुना कॉम्प्युटर कुठे मिळेल गं?"

नाकाला पदर लावून ती म्हणाली, "मेलेल्याला वाटेला लावायचं असतं, मुडद्या. तू त्याच्या हाती घराची किल्ली दिलीस. आता माझ्या चुलीपाशी यायचं नाही. तुझं ताट बाहेर ठेवीन."