हात मागे

गावची आरोग्यसेविका व्हायचं शिकायला ती पहिल्यांदा दवाखान्यात आली, तेव्हा बाकावर एक उंच तरुण बूट काढून तळपाय चोळत बसला होता. तिला घरात सगळे ‘घाई’ म्हणत, आणि ते उगीच नव्हतं. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं,

“कधीपासून दुखतंय?”

“दुखत नाहीये. बूट नवा आहे.”

“सगळे आधी असंच म्हणतात. दाखवा पाय.”

त्यानं निमूटपणे पाय पुढे केला. तिनं बोटं दाबून पाहिली आणि बूट बदलायचा सल्ला दिला. तेवढ्यात आतून मोठ्या सिस्टर आल्या. “झाली का ओळख? हे मास्तर. तुम्हा गावोगावच्या मुलींना हेच शिकवणार.”

धरणीनं पोटात घ्यावं असं घाईला झालं. मास्तर बूट चढवत म्हणाला, “तपासणी चांगली होती. फक्त हात धुवायचे राहिले.”

मास्तरची शिकवायची रीत ठरलेली. पेशंट मुलीनं तपासायचा, यानं हात पाठीमागे बांधून नुसतं उभं राहायचं. त्याचे हात पुढे आले, की ती केस मुलीच्या नावावर धरायची नाही, आणि ठरलेल्या केसेस भरल्या तरच मुलगी पास. “गावात मी शेजारी नसणार,” तो म्हणायचा. ते खरंच होतं. घाईच्या गावाहून इथं यायला अर्धा दिवस लागे. गावानं मोठ्या भरवशानं तिला पाठवलं होतं, त्यात वहिनीला सातवा महिना. या खेपेला राहिली, तर पुढची तुकडी वर्षानं.

म्हणून ती जीव ओतून शिकली. नाडी बघताना मात्र श्वास रोखून धरायची.

“ताप पेशंटला आहे,” मास्तर हळूच म्हणायचा. “तुम्ही श्वास घ्या.”

“तुम्ही मागे उभे असलात की विसरायला होतं.”

“मग पुढे उभा राहू?”

“पुढे तर… अजूनच.”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते. नीट बघायला त्यानंच शिकवलं होतं.

शेवटी एकच केस उरली. खोकल्यानं बेजार झालेली एक दांडगट पोरगी आईच्या मांडीवर होती. तिचा श्वास मोजायला घाई वाकली, आणि पोरीनं पाय उगारला. तो घाईच्या नाकाला लागणार, इतक्यात मास्तरनं झेलला. मग स्वतःच्या पुढे आलेल्या हाताकडे तो बघतच राहिला. केस गेली होती.

व्हरांड्यात घाई त्याच्यावर उखडली. “लाथ मला बसली असती. केस तर राहिली असती.”

“नाकावर बसली असती.”

“नाक माझं होतं.”

मास्तर हात मागे बांधून आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, त्याच्या जागी मोठ्या सिस्टर हात मागे बांधून उभ्या राहिल्या. घाईला फार लागलं. मी जरा चिडले तर यानं लगेच पाठ फिरवायची? पण रडायला वेळ नव्हता. नवा पेशंट एक लहान मुलगा होता. तिनं हात धुतले, आधी त्याच्या आईला त्याचे पाय धरायला सांगितलं आणि मग श्वास मोजला. ती पास झाली.

“मास्तर कुठे आहेत?” तिनं अखेर विचारलंच.

“हिची परीक्षा मी घेणार नाही, म्हणाला. माझे हात मागे राहत नाहीत म्हणे.” सिस्टर हसू दाबत होत्या. “इतक्या मुली लाथा खाऊन गेल्या, तेव्हा बरे राहत होते.”

बसथांब्यावर मास्तर उभा होता.

“मी एवढी भांडले. तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“तेव्हा बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, पास होणं माझ्या मर्जीवर आहे. आता नाही.” तो अडखळला. “मला तुम्ही आवडता. पाय तपासलात तेव्हापासून… नको असेल तर सरळ नाही म्हणा.”

घाई पहिल्यांदाच थोडी थांबली. “गावी दादा-वहिनी आहेत. भेटायला याल?”

“पुढच्या महिन्यात तुमच्या कामाच्या तपासणीला येणारच आहे.”

“तपासणीला नको. नुसते या.”

बस आली. तिची पिशवी जड होती, पायरी उंच. मास्तर सवयीनं हात मागे बांधून उभा.

“मास्तर,” ती वळून म्हणाली, “ही केस धरायची नाहीये.”

त्यानं एका हातानं पिशवी उचलली आणि दुसऱ्यानं तिचा हात धरला.