तीन दहाचा पाहुणा

वेबसाइटचं डोमेन, तिचा इंटरनेटवरचा पत्ता, बदलणं म्हणजे घर बदलण्यासारखंच, असं आमच्या धंद्यात ग्राहकाला समजावतात. समजावणाऱ्याने घर बदललेलं नसतं. घर बदलताना निम्मं सामान भंगारात देता येतं. वेबसाइटचं एक पानसुद्धा वाऱ्यावर सोडता येत नाही. प्रत्येक जुन्या पानावर पाटी लावायची, 'आम्ही कायमचे हललो, आता इकडे या', आणि ती सर्च इंजिनाला पटेपर्यंत हात जोडून बसायचं. नाही पटली, तर पहिल्या नंबरावरचा माणूस चौथ्या पानावर जातो. तिथे कुणी कुणाला शोधायला येत नाही.

ताईची वेबसाइट शिलाई मशीन दुरुस्तीची. भावजींनी एकहाती लिहिलेली. धागा का तुटतो, टाका का सुटतो, सुई का वाकते. चारशे सोळा पानं. भावजी जाऊन सहा वर्षं झाली तरी त्या पानांवरून गिऱ्हाईक येत होतं आणि ताईचं घर चालत होतं. गेल्या वर्षी तिने दुकान सोडलं आणि भावजींनी कधी न पाहिलेल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मशिनं मांडली. साइटचं नाव जुन्या गल्लीवरून होतं. ते बदलायचं काम अर्थातच फुकटच्या भावाकडे आलं.

"रँकिंग घसरणार नाही, मी बघतो," मी म्हणालो.

"घसरलं तर घसरू दे. भरेन पोट कसंतरी. पण तो एकजण चुकायला नको."

"कोण एकजण?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. भेटींची यादी होती. रोज दुपारी तीन दहाला कुणीतरी यायचं आणि एकच पान उघडायचं: 'माझ्याविषयी'. भावजींचा फोटो आणि तीन ओळी. सहा वर्षांत एक दिवस खाडा नाही.

"ताई, हा रोबो आहे. अशी हजारो यंत्रं फिरत असतात."

"रविवारी दहा मिनिटं उशिरा येतो," ताई म्हणाली. "यंत्र रविवारी जरा लोळतं का रे?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीवर असतं. ते द्यायच्या आत ताईने शब्दच मागितला.

"चुकणार नाही म्हण."

"नाही चुकणार. बस?"

मी दोन रकाने आखले, जुनं पान आणि नवं पान. चारशे पंधरा जोड्या जुळल्या. 'माझ्याविषयी'ला जोडी नव्हती. गेलेल्या माणसाची ओळख नव्या साइटवर नको, असं मीच ठरवलं होतं. अशा वेळी सगळ्यांत जवळच्या पानाकडे बोट दाखवायचं, असा नियम आहे. मी 'संपर्क' लावलं. त्यावर ताईचा नवा पत्ता होता.

सोमवारी साइट हलवली. पहिला नंबर आठवडाभर तिसरा झाला आणि मुकाट पुन्हा पहिला. मी दोन दिवस उगाच ताठ मानेने वावरलो.

तीन दहाचा पाहुणाही चुकला नाही. जुन्या दारावरची पाटी वाचून तो 'संपर्क'वर आला. पत्ता वाचायला अर्धं मिनिट लागतं. ते पान त्याच्याकडे चाळीस मिनिटं उघडं होतं.

मग तो नसलेली पानं मागू लागला. एका दुपारी '/फाटक'. सर्व्हरने त्याला आमचं ठरलेलं उत्तर दिलं: ४०४, सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी '/जिना'. ४०४. रोबो अंदाजाने असली नावं ठोकतात, मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी '/सायकल-आडवी'.

मी ताईला फोन केला. "तुमच्या जिन्यात कुणाची सायकल आहे का गं?"

"शेजाऱ्यांची. कालच आणून आडवी टाकलीय मेल्यांनी. तुला कोण बोललं?"

"कुणी नाही. सहज."

ताईला शब्द दिला होता. तरी त्या संध्याकाळी मी 'माझ्याविषयी'वरची पाटी काढून टाकली. रकान्यात एक ओळ कमी झाली, एवढंच.

उपयोग नव्हता, हे मला ठाऊक असायला हवं होतं. 'कायमचे हललो' ही पाटी एकदा वाचली की समोरचा ती लक्षात ठेवतो. पुन्हा जुन्या दारावर येतच नाही, थेट नव्या पत्त्यावर जातो. हे मीच लोकांना शिकवतो.

'/पहिला-मजला'. ४०४.

रविवारी, तीन वीसला, '/कठड्याला-टेकून'. ४०४.

'/दुसरा-मजला'. ४०४.

'/डावीकडचं-दार'. ४०४.

बुधवारी मी कचेरीतली मीटिंग सोडून यादीसमोर बसलो. तीन दहा झाले. पुन्हा तीच मागणी, '/डावीकडचं-दार'.

२००.

दोनशे म्हणजे सापडलं. पान आहे, उघडलं, दिलं.

मी तेच पान माझ्याकडे उघडून पाहिलं. ४०४. पुन्हा पाहिलं. ४०४. साइटवर असं पान नव्हतंच. मी बनवलं नव्हतं, ताईला बनवता येत नाही.

फोन लावला. बराच वेळ वाजला.

"ताई, दाराशी कुणी..."

"हळू बोल," ताई म्हणाली. इतक्या खालच्या आवाजात मी तिला सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. "आत्ता कुठे ह्यांचा डोळा लागलाय. जिना चढून दमलेत."



मी आवाज खाली आणला, आणि रँकिंगचं नंतर बोलू, म्हणालो.